पासिंगच्या रजिस्टरातली सही

कारभारी दहा वर्षं लोकांच्या मोटारी चालवत होता. सिन्नर ते नाशिक, नाशिक ते सिन्नर, दिवसाला दोन खेपा. १९३६च्या दिवाळीनंतर स्वतःची मोटर घ्यायचं त्याच्या डोक्यात आलं, आणि एकदा आलं ते जाईना. तेव्हा तो रहेमान मिस्त्रीकडे आला.

रहेमानचं मोटारी दुरुस्तीचं दुकान आग्रा रस्त्याला लागून होतं. वर पत्रे, खाली तेलानं काळी पडलेली जमीन, मधोमध मोटारीखाली उतरायला खणलेला खड्डा. उमेदीची वर्षं त्यानं इगतपुरीला रेल्वेच्या कारखान्यात काढली होती. तिथं तो इंग्रजी लिहाय-वाचायला शिकला आणि तिथंच त्याला एक सवय लागली. नट आवळून झाला की तो पुन्हा एकदा हातानं चाचपायचा. त्या सवयीनं नाशकात त्याचं नाव झालं. रहेमाननं बघितलंय म्हटलं की गिऱ्हाईक पुढं काही विचारत नसे.

"मिस्त्री, एक गाडी बघायची हाय," कारभारी म्हणाला. "चिमाजी शेठची. सोळा शिटांची. रंग लय झकास मारलाय, पण मला रंगाशी काय करायचंय? तुम्ही हो म्हणाल तर घेतो, नाय म्हणाल तर नाय."

रहेमाननं हातातला पाना खाली ठेवला. चिमाजी शेठच्या तीन-चार मोटारी चांदवड-मालेगावकडे धावत. गेल्या तीन वर्षांत रहेमाननं त्याचं एकही काम घेतलं नव्हतं. का घेत नाही, असं कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं.

"दुसऱ्या कुणाला तरी दाखव की," तो म्हणाला.

"दुसऱ्यावर माझा भरवसा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे शेठच्या वखारीवर गेले.

मोटर अंगणात उभी होती. लाल रंगाचा वास अजून नाकाला झोंबत होता. बॉडी नवी, लाकूड नवं, शिटांवरचं कातडंही नवं. चिमाजी शेठ स्वतः बाहेर आला. पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस.

"या मिस्त्री. पुष्कळ दिवसांनी आठवण झाली."

रहेमाननं मान हलवली आणि तो कामाला लागला. इंजिन सुरू करून ऐकलं. आवाजात खोट नव्हती. चाकं हलवून पाहिली. मग गोणपाट अंथरून तो मोटारीखाली शिरला. सांगाड्याच्या डाव्या लोखंडी पट्टीवरून त्यानं बोटं फिरवली आणि मध्यावर ती थांबली. रंगाचे थर तिथं जाड होते. खिळ्यानं खरवडल्यावर खाली जोड दिसला. पट्टी कधीतरी वाकलेली होती, ठोकून सरळ केली होती आणि सांधली होती. इतकी जाड पट्टी खड्ड्यात चाक आपटून वाकत नाही.

बाहेर येऊन त्यानं हात पुसले. "शेठ, गाडीचं पासिंगचं पुस्तक दाखवा."

शेठनं पुस्तक आणून दिलं. कोरं करकरीत. पहिली नोंद गेल्या वर्षीची.

"त्याआधीचं?"

"ते पावसात भिजलं. हे नवं करून घेतलं." शेठ हसला. "मिस्त्री, एवढं खोलात कशाला शिरता? तुम्ही ठीक आहे म्हणा, संपलं. तुमच्या शब्दावर गाडी जाते, मला काय ठाऊक नाही?"

रहेमाननं त्याच्याकडे पाहिलं नाही. सांगाड्यावर ठोकलेला नंबर त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं पुसून काढला आणि कागदाच्या कपट्यावर उतरवून घेतला.

रस्त्यावर आल्यावर कारभारी म्हणाला, "जोड हाय म्हणता, पण इंजिन चांगलं हाय ना? जोड आपण पक्का करून घेऊ."

"गाडी कशानं वाकली ते आधी कळू दे. पाटीचा नंबर बदलता येतो, सांगाड्याचा बदलत नाही. पोलीस कचेरीत रजिस्टर असतं. कुठली गाडी कधी पास झाली, कधी नाही, का नाही, सगळं त्यात लिहिलेलं असतं. कुणीही जाऊन बघावं."

रहेमाननं हे सांगितलं खरं. कचेरी त्याच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर होती, आणि तीन वर्षांत तो तिची पायरी चढला नव्हता.

कचेरीत मोटारींचं काम फकिरा हवालदार बघायचा. मोटारी तपासणारा साहेब महिन्यातून दोनदा यायचा. एरवी रजिस्टरं आणि त्यांच्यावरची धूळ फकिराच्या ताब्यात. त्यानं नंबर पाहिला, कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"घ्या. ही तुमची गाडी. मला इंग्रजी फाडफाड येत नाही, तुम्हीच वाचा."

कारभारीला इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं. तो शेजारी उभा राहून मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत राहिला.

१९३१, पास. १९३२, पास. १९३३ फेब्रुवारी, नापास. मागच्या चाकांचे ब्रेक निकामी, पट्टे झिजलेले, कांब वाकलेली. त्याखाली पंधरा दिवसांनंतरची तारीख. पास. मिस्त्रीच्या दाखल्यावरून. शेजारी टाचणीनं एक पिवळा पडलेला इंग्रजी कागद लावला होता. ब्रेकचे पट्टे व कांब नवी घातली, गाडी चालवण्यास योग्य आहे. खाली सही. आरचा वळसा मोठा, शेवटचा एन खाली ओढलेला.

ती सही त्याची होती.

त्याच्याखाली लाल शाईत तीन महिन्यांनंतरची नोंद होती. राहुड घाटात उलटली. पाच ठार. मग दोन वर्षं कोरी, आणि मग नवी बॉडी, नवी पाटी, पास.

फेब्रुवारीतली ती दुपार त्याला नीट आठवत होती. चिमाजी शेठ दुकानात आला होता. मुंबईहून सामान यायचंय, सोमवारी येईल, मंगळवारी गाडी तुमच्या खड्ड्यावर उभी करतो. पण साहेब उद्या येतोय, उद्या चुकलं तर गाडी आणखी पंधरा दिवस बसून राहील, लग्नसराई तोंडावर आहे. तुम्ही आज लिहून द्या, काम तर तुम्हीच करणार आहात. रहेमाननं गाडी पाहिलीसुद्धा नव्हती. जुनं गिऱ्हाईक, चार दिवसांचा प्रश्न, असं म्हणून त्यानं सही केली. मंगळवारी गाडी आली नाही. पुढच्या मंगळवारीही आली नाही. मग वैशाखात घाटातली बातमी आली. त्यानं शेठच्या मुनिमाला, शफीला, रस्त्यात गाठून विचारलं होतं, तीच गाडी का? शफी म्हणाला, नाही हो, ती दुसरी. रहेमाननं ते धरून ठेवलं. रजिस्टर उघडून बघायला तो आला नाही. येऊन काय दिसेल, हे त्याला माहीत होतं म्हणूनच आला नाही. पण हे त्यानं स्वतःशीही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"काय लिवलंय?" कारभारीनं विचारलं.

"घेऊ नको."

"का?"

"घाटात पडलेली आहे. राहुडच्या."

कारभारीचा चेहरा उतरला. "म्हंजी पुंजाची गाडी?"

पुंजा त्याच्या ओळखीचा होता. दोघांनी एकाच मालकाच्या मोटारींवर क्लीनर म्हणून सुरुवात केली होती. पुंजा चांदवडजवळच्या एका वाडीचा. त्या दिवशी गाडी तोच चालवत होता, आणि लग्नाहून परतणारी माणसं त्याच्याच वाडीची होती.

"ब्रेक लागलाच नाय, असं तो कोर्टात बी सांगत व्हता," कारभारी म्हणाला. "पण साहेबानं कागद काढून दाखवला, ब्रेक नवे हायेत. कुणा मिस्त्रीचा ते काय वाचून दाखवलं नाय. दोन वर्षं सक्तमजुरी दिली. आता सुटून आलाय. खरं सांगू मिस्त्री? मी बी चारचौघांत बोललो व्हतो, का पुंज्याचा डोळा लागला असंल म्हणून."

रहेमाननं रजिस्टर मिटलं. पिवळ्या कागदाचा एक कोपरा बाहेर राहिला होता, तो फकिरानं आत सारला.

फाटकाशी आल्यावर कारभारीनं त्याचे दोन्ही हात धरले. "आज तुम्ही व्हता म्हणून वाचलो. उद्या मी सोळा माणसं घेऊन त्यात बसलो असतो."

रहेमाननं हात सोडवून घेतले आणि तो दुकानाकडे वळला. दुकानात त्यानं दिवसभर एका गाडीचं चाक तीन वेळा खोललं आणि तीन वेळा लावलं.

संध्याकाळी घरी मेहरुन्निसानं ताट वाढलं. तो जेवला नाही. ती समोर बसून राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्याला बोलतं कसं करायचं ते तिला ठाऊक होतं. ती काहीच विचारत नसे. शेवटी त्यानं सगळं सांगितलं. सही, मंगळवार, शफी, रजिस्टर.

"कारभारीला काही कळलेलं नाही," तो म्हणाला. "फकिरानं नीट वाचलेलं नाही. कोणालाच माहीत नाही."

"हे मला विचारताय की सांगताय?"

त्यानं ताट बाजूला सारलं.

"त्या पुंजाची बायको आहे?"

"असेल."

"तीन वर्षं ती काय ऐकत असेल गावात," मेहरुन्निसा म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं नाही. सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं तो चांदवडला उतरला आणि विचारत विचारत वाडीवर गेला. पुंजाचं घर वाडीच्या टोकाला होतं. आजूबाजूला घरं होती, पण ओट्यावर बसलेल्यांनी हातानं नुसती दिशा दाखवली, नाव कुणी उच्चारलं नाही.

पुंजा दारात बसून दोर वळत होता. चाळिशीचा, पण साठीचा वाटत होता. केस पांढरे झालेले, खांदे आत गेलेले. त्याची बायको चंद्रभागा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पाहुणा येणं ही त्या घरात नवलाची गोष्ट झाली होती.

"मी रहेमान मिस्त्री. नाशिकचा."

"नाव ऐकलंय," पुंजा म्हणाला. "बसा."

रहेमान बसला नाही. उभ्यानंच बोलला, नाहीतर त्याच्यानं बोलवलं नसतं. "पुंजाभाऊ, तुमच्या गाडीचे ब्रेक नवे नव्हते. मी न बघता लिहून दिलं होतं. कोर्टात दाखवला तो कागद माझा होता."

चंद्रभागेनं दाराची चौकट धरली. पुंजाचे हात दोरावर तसेच राहिले.

"परत सांगा," तो म्हणाला.

रहेमाननं परत सांगितलं. फेब्रुवारीत गाडी नापास झाल्याचं, पट्टे झिजल्याचं, कांब वाकल्याचं, सगळं.

पुंजानं उजवा पाय पुढं घेतला आणि त्याच्यावर हात ठेवला.

"मला वाटायचं, ह्यानंच उशीर केला," तो हळूच म्हणाला. "तुरुंगात खडी फोडताना रोज तोच विचार. पयल्यांदा म्हणायचो, ब्रेक लागला नाय. मग म्हणायला लागलो, मीच दाबला नसंल. लोक म्हणत्यात डोळा लागला, तर लागला बी असंल. येवढी माणसं खोटं कशापायी बोलतील? मग मला तसंच दिसाया लागलं. सपनात मी झोपलेलाच असायचो."

"मी पोलिसांत लिहून देतो. साहेबाकडे जातो."

"ते तुमचं तुम्ही बघा. सरकारनं जे करायचं ते केलं, ते मागं येनार हाय का?" त्यानं मान वर केली. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि ते रहेमानला जास्त जड गेलं. "हितं सांगा. वाडीत. पुतळाबाईच्या दारात जाऊन सांगा."

पुतळाबाई सत्तरीची. घाटात तिचा मुलगा गोरक्ष आणि सून दोघं गेली होती. एक नातू मागं राहिला होता, त्याला मावशीनं नेलं होतं. पुंजा पुढं आणि रहेमान मागं असे ते वाडीतून निघाले तेव्हा ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. तुरुंगातून सुटल्यापासून पुंजा त्या आळीत फिरकला नव्हता. म्हातारीच्या दाराशी पोचेपर्यंत मागं वीस-पंचवीस माणसं जमली.

रहेमाननं सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं. म्हातारीनं कानामागं हात नेला.

"मला कमी ऐकू येतं बाबा. मोठ्यांदा बोल."

तेव्हा त्याला ते सगळं ओरडून सांगावं लागलं. गाडी पाहिली नाही. ब्रेक घातले नाहीत. घातले असं लिहून दिलं. मागं कुणीतरी शिवी दिली. एक तरुण पुढं आला आणि त्यानं रहेमानच्या सदऱ्याची गळपट्टी धरली. त्याची बहीण त्या गाडीत होती. कुणीतरी त्याला मागं ओढलं. रहेमाननं हात वर केला नव्हता.

म्हातारी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती पुंजाकडे बघत होती.

"पुंजा, पाय व्हता तुझा ब्रेकावर?"

"व्हता, आत्या."

"पुरा दाबला व्हता?"

"उभा राहिलो व्हतो मी त्याच्यावर."

म्हातारी भिंतीचा आधार घेऊन उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून काही ऐकू आलं नाही. माणसं एकेक करून पांगली. जाता जाता पुंजाशी कुणी बोललं नाही. तीन वर्षं त्यांनी त्याला विस्तव दिला नव्हता, त्याच्या बायकोला कामावर बोलावलं नव्हतं. ते एका दुपारीत कसं फिरवून घ्यायचं?

नाशकात परतल्यावर रहेमाननं पोलीस कचेरीत जबाब लिहून दिला. फकिरानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "मिस्त्री, हे फाडून टाकू का? माझ्या हातात आहे तोवर सांगा." रहेमाननं मान हलवून नको म्हटलं.

पुढं व्हायचं ते झालं. चिमाजी शेठ कोर्टात स्वच्छ धोतर नेसून आला आणि म्हणाला, मला यंत्रातलं काय कळतं? गाडी मी मिस्त्रीकडे पाठवली होती, त्यानं काम झालं म्हणून लिहून दिलं, मी विश्वास ठेवला. शफी मुनिमानं त्याला दुजोरा दिला. शेठ सुटला. खोट्या दाखल्याबद्दल रहेमानला तीन महिन्यांची कैद झाली. पुंजाच्या शिक्षेचा फेरविचार करा म्हणून अर्ज गेला. शिक्षा भोगून झाली असल्याने त्यात आता करण्यासारखं काही नाही, असं उत्तर आलं. आणि खटला चालू असतानाच शेठनं ती लाल मोटर विकून टाकली. कुणाला, ते कळलं नाही. रजिस्टरात फक्त एवढीच नोंद झाली की गाडी जिल्ह्याबाहेर गेली.

उन्हाळ्यात रहेमान सुटून आला. दुकानाला कुलूप होतं. ते उघडून त्यानं आठ दिवस झाडझूड केली. एकही गाडी आली नाही. मग त्यानं हत्यारं विकली आणि बाजारपेठेतल्या एका पंपवाल्याकडे विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायला रोजानं जाऊ लागला. तिथं कुणी त्याची सही मागत नसे.

एकदा कारभारी तिथं आला. खटल्यानंतर पहिल्यांदाच. तो रहेमानपासून थोडा लांब उभा राहिला.

"मोटर घेतली," तो म्हणाला. "सिन्नर लाईनवरच टाकली."

"बरं झालं. कुणाकडून बघून घेतली?"

कारभारीनं दुसऱ्या एका मिस्त्रीचं नाव सांगितलं. रहेमाननं मान डोलावली. आपल्याला वाईट वाटलं की नाही, हे त्याला लगेच कळलं नाही.

"पुंजाला म्हटलं व्हतं, माझ्या गाडीवर चल," कारभारी सांगू लागला. "मी बी त्याच्याबद्दल वंगाळ बोललो व्हतो, म्हटलं तेवढंच. आला तो. चंद्रभागावहिनीनं डोक्याला पटका बांधून पाठवला. पुतळाबाईनं त्यांना भुईमूग काढायला बोलावलं यंदा, हे बी वहिनींनीच सांगितलं. तर पुंजा गाडीत बसला, चाक धरलं. गाडी बंद, अड्ड्यात उभी. त्यानं ब्रेकावर पाय दिला आन् काढीना. मी म्हटलं, पुंजा, इंजिन लावतो. तो काय बोलंना. सगळ्या अंगाचा भार देऊन दाबून बसलेला, घामानं निथळलेला. शेवटी आम्ही दोघांनी धरून खाली उतरवला."

"आणि?"

"आन् काय. गेला घरी. दोर वळतो."

कारभारीला उशीर होत होता. नाशिकहून सुटायची त्याची वेळ झाली होती. तो चार पावलं गेला, थांबला. मग निघून गेला. रहेमाननं समोरच्या पंपाचा नट आवळला, हातानं एकदा चाचपला, पुन्हा चाचपला, आणि पुन्हा.